परसातली जाळी

४ जानेवारी १९५४, सोमवार

तांबू गेला. सकाळी दारासुरमकडून येणाऱ्या बसखाली सापडला. आमचं घर रस्त्याला अगदी लागून, ओट्यावरून पाय खाली सोडला की रस्ता. मी लग्न होऊन आले तेव्हा इथून बैलगाड्या जायच्या. आता तंजावरच्या बसगाड्या आणि भाताच्या लॉऱ्या. तांबू धूर्त बोका होता, तरी सापडलाच.

त्याच्यापेक्षा मोठा घोर विजीचा. पाच वर्षांची पोर, त्याच्यामागून रस्त्यात गेली आणि त्याच्यापाशी उकिडवी बसून राहिली. मागून दुसरी बस आली. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, वाजवतोय, आणि ही ढिम्म. शेवटी तो खाली उतरला, तिला दंडाला धरून ओट्यावर आणून बसवलं आणि माझ्यावर ओरडला, "अम्मा, ही पोर आहे की दगड?" सगळी गल्ली बघत होती. मी विजीच्या दोन थोबाडीत दिल्या. रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी निगरगट्ट झाली आहे.

संध्याकाळी हे कोर्टातून आल्यावर सांगितलं. हे मुन्सिफ कोर्टात कारकून आहेत. वाटलं, रागावतील. यांनी एवढंच विचारलं, "भोंगा किती जवळून वाजवला?" पुरुषांना कुठल्या वेळी काय विचारायचं सुचेल, सांगता येत नाही.

आता दोन मांजरं उरली. चिन्नी ही करड्या पट्ट्यांची, तांबूची आई, आणि कापशी हे तिचं दुसरं पिल्लू, पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं.

७ जानेवारी, गुरुवार

इथे कुंभकोणमात बाहेर सगळा व्यवहार तमिळ, पण हे मी मराठीतच लिहिते. माहेरी अप्पांनी बाळबोध गिरवून घेतली होती ती अशी कामी येते. शेजारी कुणाला वाचता येत नाही, सासूबाईंचे डोळे अधू, आणि हे माझी पेटी उघडत नाहीत.

दिवाळीच्या सुमारास विजीला मेंदूचा ताप आला होता. मान मागे वाकली होती, धनुष्यासारखी. तंजावरच्या डॉक्टरांनी मद्रासहून इंजेक्शनं मागवली. रोज एक टोचायचे. हे तिच्यापाशी राहिले. मी इथे सासूबाईंजवळ बसून नवस बोलत होते. पोर वाचली. वॉर्डातली तशीच दुसरी दोन लेकरं वाचली नाहीत, असं हे म्हणाले.

तेव्हापासून मात्र स्वभाव बदललाय. चालताना भेलकांडते, तो अशक्तपणा असेल. पण हाक मारली तर ओ देत नाही. खेळत असली तर दहा हाका मारा, मान वळणार नाही. पूर्वी दिवसभर गाणं चालायचं, ते बंद. सासूबाई म्हणतात, "आजारात लाड केलेस, आता भोग." खरं असेल. हसते ती फक्त मांजरांजवळ. मांजरं रस्त्यावर गेली की मागोमाग ही जाते. म्हणून मांजरांना आवरलं पाहिजे.

१६ जानेवारी, शनिवार

पोंगल झालं. सणात रस्त्यावर गर्दी म्हणून यांच्या सांगण्यावरून दोन्ही मांजरांना दोरीनं खांबाला बांधलं. चिन्नीनं ओट्यावरून उडी मारली आणि दोरी गळ्याला आवळून लोंबकळली. जीभ बाहेर. मी विळीनं दोरी कापली. दुपारभर ती धान्याच्या कणगीमागे बसली होती, दूधही प्यायली नाही.

खोलीत कोंडलं तर रात्रंदिवस ओरडते. बाहेरची हवा, माती, झाडाचं खोड, हे त्यांना लागतंच. कुणाला देऊन टाकावी म्हटलं तर विजीकडे बघवत नाही.

मला एक सुचलंय. मागचं परस तिन्ही बाजूंनी भिंतीचं आहे. विहीर आहे, शेवग्याचं झाड आहे. भिंतींवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी उभी केली आणि पुढचं दार कायम लावून घेतलं, तर मांजरं परसात मोकळी राहतील. यांना भीतभीत विचारलं. म्हटलं, मांजरांसाठी एवढं कोण करतं म्हणून हसतील. हे लगेच "कर" म्हणाले. वर म्हणाले, "उंच कर. आणि कडी मजबूत लाव."

२५ जानेवारी, सोमवार

महालिंग सुतार येऊन बघून गेला. एका बाजूची भिंत अलमेलुमामींची. त्या शेजारच्या, परवानगी विचारायला गेले. म्हणाल्या, "लाव गं, तुझी मांजरं माझे मासे तर चोरत नाहीत. आमच्याकडे मासेच नसतात." कितीतरी दिवसांनी हसले.

सासूबाईंना पसंत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला खाली चौकट कापून मांजरांना ये-जा करायला कातड्याची झडप लावायची म्हणताच म्हणाल्या, "उद्या देवघरालाही झडप लाव." पण यांनी शब्द टाकला आणि त्या गप्प झाल्या. हे हल्ली माझी बाजू घेतात. शिवाय यांना देवाचं वेड लागलंय. पूर्वी पूजा म्हणजे उरकायचं काम. आता सकाळी विजी पाठमोरी बसलेली असली की हे मागे उभे राहून घंटा वाजवतात, बराच वेळ वाजवतात. मग घंटा ठेवून देतात आणि न जेवताच कोर्टात जातात.

३ फेब्रुवारी, बुधवार

जाळी उभी राहिली, परसात उतरायच्या वाटेवर जाळीचं दारही बसलं, आणि पहिल्याच दिवशी चिन्नी जाळीवरून सरळ चढून पलीकडे गेली. नखं अडकवायला जाळी म्हणजे शिडीच. तासाभरानं अलमेलुमामींच्या नारळाखाली सापडली. महालिंग म्हणाला, वरचा हातभर भाग आत झुकवू, म्हणजे उलटं लोंबकळून जाता येणार नाही. तसं केलं. चिन्नी आता वरपर्यंत जाते, झुकलेल्या भागाला डोकं लागतं, थोडा वेळ लटकते आणि धप्पकन खाली येते. शेवग्याची जाळीकडची फांदीही तोडली.

कापशी प्रयत्नच करत नाही. धुण्याच्या दगडावर उन्हात पडून असते. गुणाची आहे.

विजी दिवसभर तिथेच. कापशीच्या पोटावर गाल टेकून पडते, कापशी गुरगुरते आणि ही डोळे मिटून हसते. महिन्याभरात प्रथमच मी निवांत स्वयंपाक केला.

८ फेब्रुवारी, सोमवार

विजीला शाळेत घातलं होतं. आज बाईंनी परत पाठवलं. म्हणाल्या, "मंद आहे. सांगितलेलं करत नाही. दुसऱ्या मुलींचं बघून करते." मला राग आला. घरी पाटीवर अक्षरं काढून दाखवली तर तिनं सगळी गिरवली, माझ्याहून वळणदार. मंद कशी? हट्टी आहे, एवढंच.

एक गोष्ट मनातल्या मनात सुखावते. माझं ती ऐकते, यांचं ऐकत नाही. मी समोर बसवून सांगितलं की बहुतेक करते. हे आपल्या त्या झुपकेदार मिशांतून काही सांगतात तेव्हा नुसती टकामका बघते आणि मग माझ्याकडे वळते. पोर शेवटी आईची.

पण हाक मारल्यावर आली नाही म्हणून आज पुन्हा मारलं. चुलीवर आमटी, सासूबाईंचा आरडाओरडा, आणि ही परसात पाठ करून बसलेली. उलथन्याच्या दांड्यानं मारलं. हे दारात उभे होते. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

मासी मघाच्या उत्सवाची गर्दी. पहाटेपासून तळ्यावर स्नानाला जाणाऱ्यांची रीघ. नागस्वरांच्या सनया, तविलचे ढोल, देवांच्या पालख्या आमच्या दारावरून गेल्या. तविलच्या आवाजानं ताटं थरथरत होती. चिन्नी कणगीमागे लपली ती बाहेरच येईना. कापशी दगडावर झोपलेली, कान हलला नाही. अलमेलुमामी म्हणाल्या, "हिचं काळीज वाघाचं आहे."

विजीला मी ओट्यावर घेऊन बसले होते. तिनं दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि खदखदून हसायला लागली. मग माझे हात ओढून भिंतीला लावले. मला काही कळलं नाही, पण मीही हसले.

२ मार्च, मंगळवार

दुपारी परसात पाणी शेंदत होते. कापशी नेहमीच्या जागी. विजी दगडाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून, कोळशानं फरशीवर काहीतरी काढत होती. चिन्नी विहिरीच्या कठड्यावर. माझ्या हातातून तांब्याचा मोठा हंडा निसटला आणि दगडावर आपटला. असा आवाज झाला की माझ्याच दातांत कळ गेली. चिन्नी उडाली ती थेट जाळीच्या टोकाला. भिंतीपलीकडून अलमेलुमामी ओरडल्या, "काय पडलं?"

कापशी झोपलेली होती. विजी कोळसा ओढत होती.

मी म्हटलं, "विजी." मग मोठ्यानं, "विजी!" टाळी वाजवली. हंडा उचलला आणि मुद्दाम पुन्हा आपटला. अलमेलुमामी भिंतीवरून डोकावून बघायला लागल्या. मी म्हटलं, "विजये, गूळ देते, इकडे ये." गुळाचं नाव काढलं की पूर्वी शेजारच्या घरातून धावत यायची.

मग माझी सावली तिच्या चित्रावर पडली तेव्हा ती वळली. मला बघून हसली आणि चित्र दाखवलं. मांजर होतं.

पुढचं आत्ता लिहवत नाही.

३ मार्च, बुधवार

लिहिते. न लिहून जाईल कुठे?

काल हे घरी आले तेव्हा मी ओट्यावरच उभी होते. म्हटलं, "विजीला ऐकू येत नाही."

यांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. ती घसरून पडली, पुन्हा उभी केली. माझ्याकडे बघितलं नाही. "काहीतरीच," असं म्हणाले नाहीत. "कशावरून?" असंही नाही. तेव्हा मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू करायच्या आधी सांगितलं होतं," हे म्हणाले. "जीव वाचेल, पण कान जायचा संभव आहे. हो म्हणायला मी एकटाच होतो तिथे."

"आणि ती घंटा?"

"रोज वाटायचं, आज वळेल."

"मी तिला मारत होते," मी म्हटलं. "तुमच्या डोळ्यांदेखत मारत होते."

"होय."

"एकदा माझा हात धरला नाहीत."

रस्त्यावरून लॉरी गेली. मग म्हणाले, "हात धरला असता तर का धरला ते सांगावं लागलं असतं. मी बोललो नाही तोवर ते खरं नव्हतं, अंबुजा."

मला यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. इंजेक्शनाला हो म्हणालात म्हणून नव्हे. मीही हो म्हटलं असतं. विजी आत झोपली होती. दंडावर उलथन्याचा वळ अजून पुसट दिसतो. मी तिच्याशेजारी जाऊन पडले. तिला हाका मारत राहिले, हळू, सगळ्या नावांनी.

९ मार्च, मंगळवार

तंजावरला जाऊन आलो. डॉक्टरांनी कानाशी नादकाटा वाजवला, दिव्यानं आत बघितलं. "गेलं ते परत यायचं नाही," म्हणाले. "जे बोलायला शिकली होती ते राखा. नाही राखलंत तर तेही जाईल." पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरी पुष्कळ निघतात, असंही सांगितलं. कापशी जन्माचीच बहिरी. तिचं काही हरवलेलं नाही.

येताना आगगाडीत यांच्या आणि माझ्या मध्ये विजी बसली होती. सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन गेलं तरी आम्ही एकमेकांशी अक्षर बोललो नव्हतो. ती एकदा यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. आमचे ओठ हलत नव्हते, तर तिला वाटलं असेल की सगळं जगच मुकं झालं.

सासूबाईंना सांगितलं. त्या रडल्या, विजीला मांडीवर घेऊन पुष्कळ रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हे दाराबाहेर जायचं नाही. मुलीची जात आहे, उद्या लग्न व्हायचंय. शाळा नको आणि रस्ता नको. परसात जाळी आहेच. मांजरांसाठी बांधलीस ती लेकराच्या कामी आली."

यांनी मान डोलावली. मीही. मला ते बरोबरच वाटलं. भोंग्याचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराकडे धावते. महालिंगला बोलावून जाळीच्या दाराची कडी वर, विजीचा हात पोचणार नाही इतकी वर, लावून घेतली.

१७ मार्च, बुधवार

पहिले चार दिवस बरे गेले. मी तिला सकाळी आत सोडून कडी लावायची, स्वयंपाक उरकायची. पाचव्या दिवशी ती दाराशी उभी राहून जाळी हलवायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "सवय होईल."

आज किंचाळी ऐकली. तिचा आवाज आता बदललाय, सपाट, कुणा अनोळखी पोरीसारखा. धावत गेले. चिन्नीचं बघून ती जाळीवर चढली होती. आत झुकलेल्या भागाला पोचून लटकली आणि तारेच्या टोकानं तळहात चिरला. खाली पडली नाही. एका हातानं धरून लटकत होती आणि माझी वाट बघत होती. मी तिच्यामागे उभी होते. मी आले आहे हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

हळद दाबून पट्टी बांधली. सासूबाई दारात. मी म्हटलं, "उद्यापासून विजी या जाळीत राहणार नाही."

"मग रस्त्यावर मरू देणार?"

"रस्ता शिकवीन."

"कापशी राहतेय की सुखानं."

"कापशी मांजर आहे, सासूबाई. तिला यापुढे फक्त उन्हात पडायचंय. विजीला अजून सगळंच करायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले.

२२ मार्च, सोमवार

सकाळी न्हाव्याकडून हे परत आले आणि सासूबाईंनी हंबरडाच फोडला. मिशा साफ. "अरे, मी जिवंत आहे अजून! आई मेल्यावर काढतात त्या!" गल्लीतल्या दोघीतिघी काय झालं म्हणून बघायला आल्या. यांचा वरचा ओठ पांढरा, उघडा, एखाद्या मुलासारखा दिसत होता.

हे विजीसमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "विजी, पाणी आण."

ती ओठांकडे बघत राहिली. पुन्हा म्हणाले, सावकाश. ती उठली, माठातून पेला भरला, अर्धा सांडत आणला. यांनी तो हातात धरला. पिता येईना.

मी अजून यांच्याशी कामापुरतंच बोलते. पण जेवायला वाढताना आज यांच्या पानाशी बसले.

२९ मार्च, सोमवार

आठवडाभर सकाळी विजीला घेऊन रस्त्यावर जाते. ओट्याच्या कडेला उभं राहायचं. आधी उजवीकडे बघ, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. विसरली की मी पुढे होत नाही. तिला बघू देते. काल सायकलवाल्यानं मागून धक्का दिला आणि ती पडली. गुडघा फुटला. तो घंटी वाजवत होता म्हणाला, शिव्याही दिल्या. मी त्याला तमिळात सांगितलं, "तिला ऐकू येत नाही." रस्त्यात, सगळ्यांदेखत. तोंडातून निघून गेलं. तो सायकल हातात धरून चालत गेला.

रात्री मनात आलं की हे एकालाच सांगून काय उपयोग?

आज तिला न्हाऊ घातलं, लाल परकर नेसवला, केसांत मोगरा माळला आणि बसस्टँडवर गेले. आमच्या घरची बाई कधी तिथे उभी राहिली नसेल. ड्रायव्हर-कंडक्टर चहा पीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन विजीला पुढे उभी केली. सांगितलं, "ही माझी मुलगी. दारासुरमच्या रस्त्याला आमचं घर, हिरव्या दाराचं. हिला भोंगा ऐकू येत नाही. लाल परकर दिसला तर भोंग्यावर विसंबू नका. ब्रेक लावा."

एक जण हसला. दुसरा म्हणाला, "अम्मा, दिवसाला शंभर पोरं दिसतात. कोण कुणाला लक्षात ठेवणार?"

"म्हणूनच दाखवायला आणली. नीट बघून घ्या."

एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं चहा खाली ठेवला. विजीला उचलून आपल्या बसमध्ये नेलं, स्वतःच्या जागेवर बसवलं आणि समोरच्या काचेतून रस्ता दाखवला. मला बससमोर उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. "तुझी आई किती लहान दिसते बघ," तो तिला खुणेनं सांगत होता. मग मला त्याच्या जागेच्या बाजूची, भोंगा वाजवायची रबरी पिशवी दिसली. विजीनंही ती पाहिली, दोन्ही हातांनी धरली आणि दाबली.

मी दचकून मागे झाले. स्टँडवरची सगळी माणसं वळली. चहावाल्याच्या हातातला पेला हिंदकळला. विजीला तळव्यात काहीतरी थरथरलेलं लागलं असावं, कारण ती खूष झाली आणि पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. मघाशी हसलेला माणूस आता हसत नव्हता. कुणीही हसत नव्हतं. काचेमागे तिचं तोंड पुरतं उघडं होतं, आणि तो आवाज कुंभकोणमात तिच्याखेरीज सगळ्यांना ऐकू येत होता.

म्हाताऱ्यानं तिला थांबवलं नाही. गाडी सुटायची वेळ टळून गेली तरी नाही.